घर्षण लोकलची वीज खात नाही, लोकलला पकड देतं

गेला आठवडाभर एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. ‘लोकलची निम्मी वीज चाक आणि रूळ यांच्यातलं घर्षण खातं. रुळांना तेल दिलं तर कोट्यवधी रुपयांची वीज वाचेल. घर्षण नेहमी गतीच्या उलटच असतं. आणि उतारावरून जड वस्तू आधी खाली येते, हे शेंबडं पोरही सांगेल.’ मी परळला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. परवा एका मुलीने यातली दोन वाक्यं जशीच्या तशी पेपरात लिहिली, तेव्हा गप्प बसवेना.

आधी निम्म्या विजेचं. घसरणं वेगळं, घरंगळणं वेगळं. लादीवरून पेटी ढकलली की तिचा तळ घासत जातो, तापतो, ऊर्जा जाते. न घसरता फिरणाऱ्या चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू मात्र त्या क्षणी स्थिर असतो. गाडीबरोबर पुढे जाण्याचा त्याचा वेग आणि फिरण्यामुळे मागे जाण्याचा वेग तिथे बरोबर फिटतात. सरकणंच नाही, तर घर्षण ऊर्जा खाणार कशी? बल आहे, पण कार्य शून्य.

मग सोडून दिलेला डबा शेवटी थांबतो तो कशाने? हवा आणि बेअरिंग आपापला वाटा घेतात. शिवाय चाक टेकतं त्या नखाएवढ्या जागेत पोलाद किंचित दबतं आणि पूर्ववत होताना घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. पण हा रोध फार थोडा. सपाट रुळावर एक टन वजन चालतं ठेवायला साधारण १ ते २ किलो वजनाएवढा जोर पुरतो. डांबरी रस्त्यावर रबरी टायरला त्याच्या कितीतरी पट लागतो.

हिशोब करून बघा. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाला एका टनाची गतिज ऊर्जा २०० किलोज्यूल. पुढचं स्टेशन २ किमीवर धरलं, तर तेवढ्या अंतरात तो रोध घेतो २० ते ४० किलोज्यूल. लोकल दादर सोडते, वेग घेते, लगेच ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. खरी उधळपट्टी त्या ब्रेकमध्ये आहे. म्हणून तर २००७ पासून आलेल्या थ्री-फेज गाड्यांत ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. त्या वेळी मोटर फिरते धावत्या गाडीच्या रेट्याने, आणि तो रेटा चाकाला फिरवू शकतो तो रुळावरच्या पकडीमुळे. पकड गेली की ही बचतही गेली.

तेलाचा सल्ला तर धोक्याचा आहे. तेलकट रुळावर चाक जागच्या जागी गरगरेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी फलाट सोडून पुढे जाईल. रूळ निसरडे झाले की इंजिनं चाकापुढे वाळू सोडतात, ती पकड वाढवायलाच. कर्जतहून लोणावळ्याला चढताना ३७ ला १ असा चढ आहे. तिथे मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लावतात, आणि त्या सगळ्या इंजिनांची ताकद रुळावर उतरते ती घर्षणातूनच. वळणावर रुळाच्या आतल्या कडेला ग्रीस लावतात हे खरं, कारण तिथे चाकाची कड खरोखर घासते. माथ्यावर मात्र ते येऊ द्यायचं नसतं. एखाद्या डब्याखालून एकसारखी खट-खट-खट ऐकू येते ना? ते बहुधा ब्रेकमध्ये अडकून रुळावर घसरलेलं चाक असतं. घासून एका जागी चपटं झालेलं. ऊर्जा खाणारं घर्षण ते.

दिशेबद्दल थोडक्यात. लोकल वेग घेते तेव्हा मोटर कोचचं चाक रुळाला मागे रेटतं आणि रूळ त्याला पुढे ढकलतो. त्याच गाडीतल्या बिनमोटरच्या डब्याच्या चाकावर घर्षण मागे असतं, कारण त्या चाकाला फिरतं करायचं असतं. एकच गाडी, एकच क्षण, दोन दिशा.

राहिलं जड वस्तूचं. कॅरम बोर्ड एका बाजूने दोन पुस्तकांवर टेकवा. वरून एक बांगडी आणि टॉर्चमधला सेल एकदम सोडा. सेल आधी पोचतो, आणि मेसेजवाला म्हणेल, बघा, जड होता! मग सेलपेक्षा जड असं पितळी कडं घ्या. तरी सेलच जिंकतो. कडं आणि हलकी बांगडी मात्र जवळपास बरोबरीने उतरतात. वजन कुठे आहे, त्यावर सगळं ठरतं. कड्याचं सगळं वस्तुमान कडेला, म्हणून उतरताना मिळालेली निम्मी ऊर्जा फिरण्यात जाते. भरीव सेलची साधारण एक तृतीयांशच जाते. ही वाटणी करतं ते घर्षण, आणि ती करताना स्वतःसाठी काही ठेवत नाही. बोर्डावरची पावडर तेवढी आधी नीट पुसून घ्या, नाहीतर कडं घरंगळायच्या ऐवजी घसरायला लागेल.