गणपतीच्या तोंडावर रंगकाम

आमच्या बेळगावात पावसाळाभर भिंतींना ओल असते, आणि घरच्यांना रंगाची आठवण येते ती नेमकी श्रावणात. गणपती बसायच्या आत खोली चकचकीत पाहिजे म्हणे! पेंटर ओल्या भिंतीवरच पुट्टी ओढतो. "सुकतंय की वो, काय होत नाही." होतंय की! दिवाळीपर्यंत पोपडे खाली. त्यात आणि आधी भिंती रंगवतो, मग छत. छताचे शिंतोडे ताज्या भिंतीवर, परत टचअप, परत पैसे. अहो, छत आधी करायचं असतं! प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, तर नुसता बिलात. गच्चीतल्या गळतीकडं कुणी बघतच नाही. खानापूरच्या पाहुण्यांनी एप्रिलच्या उन्हात काम उरकलं. त्यांच्या भिंती बघून आमचीच मंडळी मला विचारतात, "आपलंच असं कसं वो?"