हिडिंबा सात अक्षरांची

गेल्या दिवाळीत मी हिडिंबेवर फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं उचलून आपली कथा, लिहायला घेतली. मूळ महाभारतच, पण भीम निघून गेल्यानंतरचं सगळं माझं. होळीपर्यंत चाळीस हजार शब्द झाले. कुठं अडलो नाही. अडलो ते कथा फॅनफिकच्या साइटवर चढवताना, सारांशाच्या चौकटीपाशी.

ही चौकट मोठी बेरकी. आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर १२५० अक्षरं मिळतात, फॅनफिक्शन डॉट नेटवर ३८४च. त्यात आपल्या देवनागरीचं मरण. वेलांटी, काना, अनुस्वार, सगळ्यांची हजेरी वेगळी लागते. तुमच्या-माझ्या डोळ्यांना ‘हिडिंबा’ तीन अक्षरांची, संगणकाच्या लेखी सात. बाई आधीच राक्षसीण, त्यात जागाही दुप्पट खाते.

पहिल्या खर्ड्यात मी शेवटच सांगून टाकला. दुसऱ्यात नुसते प्रश्न: ‘भीम परतेल? हिडिंबेला न्याय मिळेल?’ वाचून मलाच वाटलं, आता साबणाची जाहिरात लागणार. तिसऱ्यात वैतागून लिहिलं, ‘मला सारांश जमत नाही, पण कथा चांगली आहे.’ फॅनफिकवाल्यांचं हे लाडकं वाक्य. हॉटेलवाल्यानं पाटीवर ‘पाटी रंगवता येत नाही, मिसळ झकास’ असं लिहिलं तर गिऱ्हाईक शेजारी जाणार नाही का?

बरं, सांगलीकराला तरी हे जमायला हवं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हा वाल्मीकींची परवानगी कुणी काढली होती? इथल्याच खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चा सारांश तर प्रेक्षकांनी परस्पर करून टाकला: कीचक म्हणजे कर्झन. तीन शब्द. इतके नेमके बसले की इंग्रज सरकारनं नाटकच बंद पाडलं.

हळदीच्या अडतीतला माझा एक मित्र म्हणाला, “पोतं कशाला ओततोस? एक कांडी मोड, आतला रंग दाखव.” पटलं. पण चाळीस हजारांतली कांडी कुठली? चार दिवस मी मोडतच होतो. घरात नुसता भुगा.

पाचव्या दिवशी आत्या मेथी निवडत बसली होती. “काय लिहालायस रं एवढं?”

मी लाक्षागृहापासून सुरुवात केली. बकासुरापर्यंत पोचलो असेन, तिनं जुडी खाली ठेवली.

“थांब. लगीन झालं, पोर झालं, नवरा गेला त्यो गेलाच. आता निरोप आलाय, त्योबी पोराला लढाईला धाड म्हणून. हेच नव्हं?”

मी गप्प. बाई कोण, तिच्यापाशी उरलंय काय, आणि तेच कोण मागतंय, सगळं आलं होतं. आणि नेमकी उंबऱ्यावर थांबली होती. पुढचं पाऊल वाचणाऱ्यानं टाकायचं. तरी बरं, तिनं फॅनफिक हा शब्दही ऐकलेला नाही. पण गल्लीतल्या तीन पिढ्यांची भांडणं तिनं नळाला पाणी येईपर्यंतच्या वेळात पोचती केलीत.

मी तसंच टाईप केलं. काने-मात्रे धरूनही ३८४च्या आत बसलं, आणि हिडिंबेचं नाव घ्यायची पाळीच आली नाही.

“मग धाडलं का तिनं पोराला?” आत्यानं विचारलं.

मला भरून आलं. “तेच तर लिहिलंय आत्या. वाच की!”

“किती पानं हैत?”

“एकशे साठ.”

आत्यानं जुडी परत उचलली. “मग तोंडानंच सांग. आन् लाक्षागृहापासनं नको.”