‘डाग नाही तर आजार नाही’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ,

मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात एमआरआयवरचे डाग सगळं सांगत नाहीत, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे. “ताई, एमआरआयमध्ये नवा डाग नाही म्हणजे आजार वाढला नाही, इतकं साधं आहे. डॉक्टर नसताना लोकांना घाबरवायचा धंदा बंद करा.” धंदा? या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा, मग बोलू. आधी ‘ताई’ म्हणायचं आणि मग हाणायचं, ही तऱ्हा आपल्या खान्देशातल्या लग्नाच्या पंगतीत पुष्कळ पाहिली आहे.

लेख लांबला, हे मान्य.

आता तुमचं ते ‘साधं’. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये एमआरआयवर पांढरा दिसणारा डाग म्हणजे सूज, मायलीन (चेतातंतूंवरचं आवरण) गेलेली जागा किंवा जुना वण. त्यातलं नेमकं काय, हे नुसत्या डागावरून कळत नाही. गॅडोलिनियम, म्हणजे स्कॅनवर डाग उजळवणारं औषध, टोचल्यावर जो उजळतो तो ताजा. काही आठवड्यांत तो उजळेनासा होतो. म्हणून आतलं सगळं थांबलं? डागांबाहेरचा, नेहमीच्या एमआरआयवर धडधाकट दिसणारा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिथेही चेतातंतू विरळ झालेले सापडतात. मेंदूच्या सालीतले डाग तर साध्या स्कॅनवर बहुतेक दिसतच नाहीत. संशोधक ब्रूस ट्रॅप आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली डागांमध्ये तुटलेले चेतातंतू मोजून दाखवले, तेव्हापासून ‘फक्त मायलीनचा आजार’ हे म्हणणंही मागे पडलं. शिवाय मेंदूचं आकारमान निरोगी माणसापेक्षा भराभर घटतं, आणि ते डाग मोजून कळत नाही. डाग आणि त्रास जुळत नाहीत हे मेंदूविकारतज्ज्ञच सांगत आले आहेत. माझ्या स्वयंपाकघरात लागलेला शोध नाही तो.

माझी धाकटी बहीण भुसावळला असते, तिला हाच आजार आहे. ‘नवे डाग नाहीत’ असा रिपोर्ट आला, त्याच वर्षी तिच्या हातात काठी आली. हे तुम्ही तिला समजावून सांगा, मला नको.

आणि घाबरवण्याचं म्हणाल तर, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की तिची नजर अंधुक होते, गार खोलीत बसली की परत येते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० साली या आजारात श्रमानंतर मंदावणारी नजर नोंदवली, पुढे ते उष्णतेशी जोडलं गेलं. मायलीन गेलेल्या तंतूतून उष्म्यात संदेश नीट जात नाही, एवढंच. ते आजार वाढणं नव्हे. हे लेखात लिहिलं होतं. तिथवर पोचला असतात तर बरं झालं असतं.

ड जीवनसत्त्व, पुण्याचे दवाखाने, माझं शुद्धलेखन या तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर बोलत बसत नाही.

बहिणीचा पुढचा एमआरआय ठरला आहे आणि आम्ही तो करणार आहोत, कारण औषध लागू पडतंय का हे ताडायला तो लागतोच. ‘एमआरआय निरुपयोगी’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ते वाक्य तुमचं आहे.