‘रोज तीन रील, हजार फॉलोअर’: हे गणित चुकलेलं आहे

महिन्याभरात एकच मेसेज आमच्या राळेगाव (यवतमाळ) तालुक्यातल्या चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे कितीतरी हातांतून फिरलेला. ‘गावात बसून फॉलोअर कमवा’ म्हणून चार सूत्रं दिली आहेत. रोज तीन रील टाका. ग्रुपमधल्या सगळ्यांना फॉलो करा, तेही तुम्हाला करतील. हिंदीत बोला, वऱ्हाडी कोणी पाहत नाही. कॉमेंटला उत्तरं देत बसू नका, तेवढ्यात नवी रील होते. मी चार वर्षांपासून पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, व्हिडिओ करतो. गावातली बारावी झालेली पोरं हे खरं मानून कामाला लागली आहेत, म्हणून लिहितो.

आधी फॉलो बॅकचं बोलू, कारण पोरं सगळ्यात जास्त तिथंच फसतात. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर लागतात, हे मेसेजमध्ये आहे. पुढची अट त्यात नाही: सोबत गेल्या 12 महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ 4000 तास पाहिलेले हवेत, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज हवेत. म्हणजे त्या हजारातल्या प्रत्येकानं वर्षात चार तास तुमच्यापाशी बसायला हवं. ‘तू मले कर, मी तुले करतो’ म्हणून आलेला माणूस चार मिनिटंही बसत नाही. वरून सबस्क्रायबरची अशी अदलाबदल यूट्यूबच्या नियमांतच बसत नाही. सहा महिन्यांची मेहनत एका कारवाईत जाऊ शकते.

रोज तीन रीलचं म्हणाल, तर डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, दिवसांत ते कोणाला जमतं? नेम हवा, हे मात्र मान्य. मी बुधवारी रात्री आठनंतर टाकतो, कारण वावरातून येऊन, जेवून माणूस तेव्हाच मोबाईल हातात घेतो.

हिंदीनं पल्ला वाढतो, खोटं नाही. पण माझं काम ज्याच्या वावरात काळी माती अन् पऱ्हाटी आहे त्याच्याशी. बोंडअळीनं मिटलेल्या फुलाला तो डोमकळीच म्हणतो.

चौथ्या सूत्राचा मला खरा राग आहे. मागच्या ऑगस्टात एकानं व्हिडिओखाली विचारलं, “भाऊ, फूल असं मिटून काऊन रायलं?” मी फोटो मागवला. पाकळ्या आतून चिकटलेल्या, फूल गुलाबाच्या कळीसारखं. मी लिहिलं, “डोमकळी होय. आत गुलाबी बोंडअळी असते. तोडून घे, धुऱ्यावर फेकू नोको, नष्ट कर.” तासाभरात दुसऱ्या गावच्या एका काकांनी खाली लिहिलं की त्यांच्याकडेही हेच आहे. तिसऱ्यानं कामगंध सापळ्याचं, म्हणजे वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढणाऱ्या सापळ्याचं, विचारलं. त्याला मी उत्तर द्यायच्या आधी काकांनीच सांगितलं: एकरी दोन लाव, रोज सकाळी पतंग मोज, सलग तीन रात्री आठ-आठ पडले तर धोका आहे समज. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. मी पहिल्या प्रश्नाला गप्प राहिलो असतो, तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या दिवसापासून दर बुधवारच्या व्हिडिओखाली लोक गावाचं नाव आणि सापळ्याचा आकडा टाकतात. कोणी नुसता आकडा टाकला, तर गाव कोणतं म्हणून दुसरेच विचारतात. एखादा नेहमीचा माणूस दोन आठवडे दिसला नाही, तर ‘बरं आहे ना’ म्हणूनही विचारतात.

काल रात्री वणीकडच्या एका ताईंचा आकडा आला: 8, 9, 8. तिसरी रात्र होती. त्यांना लिहिलं, एकरातली 20 हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडून पाहा, दोनांत जरी अळी निघाली तरी फोटो टाका. सकाळी सातलाच फोटो आला. तीन बोंडांत अळी आहे, आणि खाली आतापासूनच लोक बोलायला लागले आहेत.