आजी म्हणायची ते ‘भलतं झाड’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संध्याकाळच्या वनस्पतिवर्गावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. आता आठवडा गेलाय, तेव्हा सावकाश लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. फोर्टातल्या खोलीत पंख्याखाली बसून, पैसे मोजून निसर्ग शिकायचा हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. तुमच्या आजी शाळेची पायरी न चढता शे-दीडशे झाडं ओळखायच्या. लॅटिन नावं घोकण्याला ज्ञान म्हणत नाहीत, आणि नावच हवं असेल तर फोन झाडासमोर धरला की मिळतं. शिवाय दर रविवारी तीस-तीस माणसं रानात शिरतात, त्यात रानाचंच नुकसान होतं.

शेवटचा मुद्दा खरा आहे आणि त्याकडे मी येणार आहे. पण सुरुवात तुमच्या आजींपासून करते, कारण मलाही आजी होती. राजापूरकडची. मे महिन्यात आम्ही गावी गेलो की ती कुड्याच्या फुलांची भाजी करायची, आणि कुणाचं पोट बिघडलं की कुड्याच्या सालीचा काढा. काढा इतका कडू असायचा की तो प्यावा लागू नये म्हणून आम्ही पोटदुखी लपवायचो. साल आणायला ती स्वतः जायची. आम्हा मुलांना पाठवा म्हटलं की म्हणायची, “नको, तुम्ही भलत्याच झाडाची आणाल.”

ते भलतं झाड कोणतं, हे मी तिला कधीच विचारलं नाही. मी डोंबिवलीत वाढलेली. कुडा म्हणजे कुडा, त्यात दुसरा कुठला असणार, असंच वाटायचं. आजी गेली तेव्हा मी नोकरीला लागले होते.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, हॉर्नबिल हाउसमधल्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फोर्टातल्या इमारतीतल्या त्या खोलीत, संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर दोन फांद्या ठेवल्या. दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींचं पान तोडलं की पांढरा चीक. म्हणाल्या, एक आहे की दोन, ते सांगा. आम्ही बावीस जण होतो, त्यातल्या वीस जणांनी एकच झाड म्हणून सांगितलं. मग भिंगं वाटली गेली. एका फुलाच्या मधोमध झिरमिळ्यांसारखे बारीक तंतू होते आणि त्यातून पुंकेसरांचा सुळका बाहेर आलेला. दुसऱ्या फुलाचा मध्य मोकळा, पुंकेसर आत नळीत दडलेले. मग गेल्या हंगामातल्या वाळलेल्या शेंगा आल्या. दोन्हीकडे शेंगांची जोडीच, पण एकीतल्या दोन शेंगा आपापल्या वाटेने सुट्या लोंबणाऱ्या, आणि दुसरीतल्या दोघींची टोकं एकमेकींना चिकटलेली. सुट्या शेंगांचा तो पांढरा कुडा, टोकं जुळलेल्या शेंगांचा तो काळा कुडा. औषधाची साल पांढऱ्याची. बाजारात काळ्याची साल तिच्यात मिसळली जाते ही जुनी तक्रार आहे, असंही बाईंनी सांगितलं.

मी रात्री कर्जत लोकलमध्ये बसले आणि आत्याला फोन लावला. तिला विचारलं, आजी म्हणायची ते भलतं झाड कसं ओळखायचं? ती सहज म्हणाली, “अगो, शेंगांची टोकं बघायची. चिकटलेली असली तर सोडून द्यायचं.”

म्हणजे वर्गात भिंग लावून जी खूण शिकले तीच खूण आमच्या घरात पिढ्यानपिढ्या होती, आणि मी आजीच्या शेजारी बसून भाजी खाल्ली तरी माझ्यापर्यंत ती आली नाही. तुम्ही आजी आणि वर्ग यांना एकमेकांसमोर उभं केलंत. माझा अनुभव उलटा आहे. वर्गामुळे मला आजीला विचारायचा प्रश्न सापडला. तो सापडायला उशीर झाला याचं दुःख आहे, पण आत्या अजून आहे, आणि गेल्या चार वर्षांत तिच्याकडून मी एक वही भरून लिहून घेतली आहे. तुमच्या आजींनी तुम्हाला हातात धरून शिकवलं असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. आमच्यासारख्या, गाव सुटलेल्या घरातल्या मुलांना ते कुठे मिळायचं?

आता लॅटिनबद्दल. नावं घोकून कुणी शहाणं होत नाही, मान्य. पण काळा कुडा आणि पांढरा कुडा ही नावं पाहा. दोन्हींची फुलं पांढरीच. बियांना आपण अनुक्रमे गोडे इंद्रजव आणि कडू इंद्रजव म्हणतो, काही ठिकाणी दोन्हींना नुसतंच इंद्रजव. जिल्हा बदलला की नाव बदलतं, कधी एकच नाव दोन झाडांना असतं. पांढऱ्याला होलॅऱ्हीना प्युबेसेन्स आणि काळ्याला राइटिया टिंक्टोरिया म्हटलं की रत्नागिरीतला माणूस आणि गडचिरोलीतला माणूस एकाच झाडाबद्दल बोलतायत याची खात्री असते. लॅटिन नाव आजीच्या नावाची जागा घेत नाही. माझ्या वहीत दोन्ही शेजारी शेजारी आहेत. आणि ती नावं सगळी परकी असतात असंही नाही. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. त्यात आपली बोरिवली आहे! सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली तिला ते नाव दिलं. हे कळल्यापासून पश्चिम रेल्वेच्या बोर्डावर बोरिवली वाचलं की मला दर वेळी ती लांब पात्यांची, पांढऱ्या फुलांची रोपटी आठवतात.

हा सगळा साहेबांचा वारसा आहे, असंही तुमच्या एका वाक्यात आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली स्थापन झाली तेव्हा तिच्यात बहुतेक इंग्रज होते, शिकारीचे शौकीनही होते, हे खरंच. पण त्या मोजक्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग होते, प्रार्थना समाजाचे. आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. सखाराम अर्जुनांना आपण ओळखतो ते भारतातल्या सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टर रुखमाबाई यांचे सावत्र वडील म्हणून. पण मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या देशी औषधांची सूची त्यांनी १८७९ साली छापली होती. वैदूंकडची, काष्ठौषधीच्या दुकानातली मुळं आणि साली नेमक्या कुठल्या झाडांच्या, हा शोध म्हणजे माझ्या आजीच्या ‘भलत्या झाडा’चाच शोध. संस्था सुरू झाली त्या दिवशी तो माणूस खोलीत होता, हे विसरून त्या खोलीला परकी म्हणणं मला पटत नाही.

आणि पोट भरलेल्यांचं म्हणाल, तर माझ्या तुकडीत एक परिचारिका होती, रेल्वेच्या कार्यशाळेतले एक गृहस्थ होते, दोन शिक्षिका, एक टायपिंगचं काम करणारा मुलगा. दिवसा मोकळ्या असणाऱ्या माणसाला संध्याकाळचा वर्ग लागतच नाही. ऑफिस सुटल्यावर डबा तिथेच खाऊन, दोन तास बसून, रात्री अकराला घरी पोचणारी माणसं छंदासाठी इतकं करत नाहीत. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगते. शिकवणं बहुतेक इंग्रजीत होतं, आणि त्यामुळे दोघंजण तिसऱ्या आठवड्यात यायचे थांबले. मला ते फार लागलं. मी मराठी शाळेतली. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग हे फुलाच्या भागांचे शब्द परीक्षेसाठी पाठ केले होते, एकही फूल न उघडता. इथे फूल उघडलं, पण शब्द इंग्रजी. दोन्ही एकत्र बसवायला मला पहिला महिना गेला. हे वर्ग मराठीत, ठाण्यात, नाशकात, रत्नागिरीत, संध्याकाळी व्हायला हवेत, आणि फी कमी हवी, याबद्दल तुमच्यामाझ्यात मतभेद नाहीच.

फोनचं म्हणाल तर मीही वापरते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर माझी शेकडो निरीक्षणं आहेत. पण तिथे एखादी नोंद पक्की ठरायला निदान दोघा माणसांचं एकमत लागतं, आणि ती माणसं कुठेतरी कुणाच्या तरी हाताखाली फुलं उघडत शिकलेली असतात. फोनला पान चुरगळून वास घेता येत नाही. चीक आहे का ते तोडून पाहता येत नाही. फुलं-शेंगा नसलेल्या पावसाळी कुड्याला माझ्या फोनने दोनदा चुकीचं नाव दिलं, आणि दोन्ही वेळा खात्रीने दिलं. मला जास्त खटकतं ते वेगळंच. नाव मिळालं की आपण पुढे चालू लागतो. पहिल्या वर्गात बाईंनी विचारलं होतं, गुलमोहराला पाकळ्या किती, आणि सगळ्या सारख्या असतात का? खोलीतल्या प्रत्येकाला गुलमोहर हे नाव येत होतं. उत्तर एकालाही आलं नाही. पाच पाकळ्या, त्यातली एक निराळी, पांढरट-पिवळी, लाल रेघांची. चाळीस वर्षं मी त्या झाडाखालून गेले होते.

आणि काही गोष्टी फोनच्या आवाक्यातल्या नाहीतच, कारण त्यांना वर्षं लागतात. तुम्ही कोकणातले, तुम्हाला कारवी माहीत असणार. शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंतींना तिच्याच काटक्या. आमच्या तुकडीत एक निवृत्त काका होते. २००८ साली ठाण्याजवळच्या येऊरला कारवी फुलली तेव्हा त्यांनी कुठल्या उतारावर, कुठल्या आठवड्यात, हे सगळं वहीत टिपलं होतं. कारवी त्या भागात आठव्या वर्षी फुलते. मधली सात वर्षं नुसती खरखरीत पानं. २०१६ च्या पावसाळ्यात काकांनी आम्हाला त्या वहीप्रमाणे नेलं. अख्खा उतार निळा-जांभळा, आणि मधमाश्यांचा असा घुमारा की शेजारी बोललेलं ऐकू येईना. काका म्हणाले, “आता संपलं असं समजू नका. पुढच्या जूनमध्ये या.” आम्ही चौघं गेलो. वाळून काटक्या झालेली झुडपं, पावसाची पहिली सर आली, आणि सगळीकडून तटतट आवाज सुरू झाला. ओल लागून बोंडं फुटत होती, बिया उडत होत्या. वणवा लागल्यासारखा आवाज, आणि वरून पाऊस. एकदा फुलून झुडूप मरतं, आणि पुढच्या पावसात त्याच्या बिया मातीत जातात. हे कुणी सांगितल्याशिवाय मी जूनमध्ये वाळक्या काटक्या बघायला येऊरला कशाला गेले असते? २०२४ साली कारवी पुन्हा फुलली तेव्हा काका आमच्यात नव्हते. त्यांची वही आमच्याकडे आहे, आणि आता तिच्यात माझ्या अक्षरातलीही पानं आहेत.

राहिला गर्दीचा मुद्दा. यात तुम्ही बरोबर आहात आणि मी लेखात तो लिहायला हवा होता. वर्ग संपल्यावर एका वेगळ्याच मंडळींबरोबर मी एकदा पक्षी पाहायला गेले होते. तीसच्या वर माणसं. माळावर टिटवीची अंडी सापडली, उघड्या जमिनीवर, चार. सगळे गोल करून उभे राहिले. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होत्या, ऊन चढत होतं, आणि फोटो चालले होते. नेणाऱ्या माणसाने कुणालाही मागे घेतलं नाही. मीही काही बोलले नाही, पंधरा मिनिटं उभी राहिले. त्याची मला आजही लाज वाटते. त्या मंडळींबरोबर पुन्हा गेले नाही, पण तेवढ्याने त्या अंड्यांचं काही भलं झालं नाही.

म्हणून आता आम्ही जे थोडेजण रविवारी निघतो ते बारापेक्षा जास्त नसतो. फूल लागलं तर खाली पडलेलं घ्यायचं. एखाद्या जागी एकच रोप दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. घरटं दिसलं तर कुणाला न सांगता पुढे जायचं. आवाज लावून पक्षी बोलवायचे नाहीत. पेन न नेता शिसपेन्सिल न्यायची, कारण पावसात शाई पसरते. हे नियम कुठल्या पुस्तकातले नाहीत, चुका करून केलेले आहेत. यात काही राहून गेलंय असं तुम्हाला वाटलं तर लिहा, मी पाळेन.

आता एक विनंती. तुमच्या आजी शे-दीडशे झाडं ओळखायच्या असं तुम्ही लिहिलंत. त्यांतली तुम्हाला आज किती आठवतात? जितकी आठवतात तितकी लिहून काढाल का: झाडाला त्या काय म्हणायच्या, कुठला भाग वापरायच्या, कुठल्या महिन्यात? लॅटिन नावं मी शेजारी भरून देईन, आणि जिथे मला जमणार नाही तिथे बाईंना विचारेन. सुरुवातीला एवढंच कळवा, काळ्या कुड्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आत्याकडे त्याला नाव नाही. तिच्यासाठी ते अजूनही भलतं झाडच आहे.