व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकू नका, मशीनचं भलं होत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर परत तोच व्हिडिओ आला. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये वाटीभर खायचा सोडा, वरून व्हिनेगरची धार, फसाफसा फेस, आणि खाली लिहिलंय, मशीन नव्यासारखं. पंधरा-वीस जणींनी अंगठे दिले. असं करू नका म्हणून मी लिहिलं, तर दोघींनी विचारलं, का? दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

तो फेस म्हणजे सफाई नव्हे. व्हिनेगर आम्ल आहे, सोडा अल्क आहे, आणि दोघं भेटले की एकमेकांचा जोर मारून टाकतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड, उडून जातो. मागे राहतं सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी, ज्यात ना आम्लाची धार उरते ना सोड्याची. दोन कामाच्या वस्तू घेऊन आपण एक बिनकामाचं पाणी तयार करतो. दोघंही वेगवेगळे वापरले तर चांगले आहेत, फक्त कुणाचं काम कुठलं ते कळलं पाहिजे.

हे मला आधीपासून ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या मशीनमधून निघालेल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला सांगायला नको, आठ-आठ दिवस ऊन नाही, गॅलरीत दोऱ्या, घरात दोऱ्या, पंख्याखाली मुलांचे युनिफॉर्म. आधी वाटलं कपडे वाळत नाहीत म्हणून वास येतोय. मग बाहेर काढतानाच यायला लागला. मी साबण वाढवला. वास वाढला. कंडिशनर घालायला लागले. तरी वास वाढतच गेला.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, पिशवीतून पाना काढायच्या आधी म्हणाले, "वैनी, साबण किती घालताय?"

"दोन मापं. कधी अडीच."

"आणि दार?"

"धुणं झालं की बंद करते."

त्यांनी ड्रम रिकामा केला आणि साबणाचा कणही न घालता गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला. दहा मिनिटांनी म्हणाले, "या, काचंतनं बघा." आत पांढरा फेस होता. एक कपडा नाही, चिमूटभर पावडर नाही, आणि काचेच्या निम्म्यापर्यंत फेस. "ह्यो सगळा तुमचा जुना साबण. कपड्यातनं निघतोय पण मशीनमधनं जात न्हाई."

ही परीक्षा तुम्हीही घरी करून बघा. पैसे लागत नाहीत आणि उत्तर डोळ्यासमोर येतं.

होतं असं की जास्तीचा साबण, अंगाचं तेल, कपड्यांचा लव आणि कंडिशनरचा मेणचट अंश मिळून बाहेरच्या टबवर, म्हणजे आपल्याला दिसत नाही तिथे, बुळबुळीत थर धरतो. आपण बहुतेक गार पाण्यात धुतो, त्यामुळे तो विरघळत नाही. दार लावून टाकलं की आत ओल आणि अंधार. जीवाणू आणि बुरशीला आणखी काय पाहिजे? दुसरा थर पांढरा, क्षारांचा. तो बोअरच्या पाण्याचा. कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं पाणी तापलं की हीटरवर चुन्याचं कवच चढतं. शहरात २०२३ पासून काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी येतंय, तरी वापरायला बोअर जोडलेल्या इमारती कमी नाहीत, आमचीही त्यातलीच. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरं धरत असेल तर मशीनच्या आतही धरतंय असं समजा.

आता एकेकाचं काम.

क्षारांना आम्ल पाहिजे, आणि त्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगलं सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मागितलं तरी मिळतं. व्हिनेगरसारखा वास नाही, आणि तेवढ्या कामाला व्हिनेगरची आख्खी बाटली लागते तिथे हे थोडक्यात भागतं. समोरून दार असलेल्या मशीनला मी साधारण १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकते आणि ६० अंशांवर कॉटनचा प्रोग्रॅम लावते, तीन महिन्यांतून एकदा. वर साबण नाही, सोडा नाही, दुसरं काही नाही. नंतर एकदा साधं खळबळून घेते. बाजारातल्या डीस्केलिंगच्या, म्हणजे क्षार काढायच्या, पाकिटांना माझा विरोध नाही, पण मागे छापलेले घटक वाचा. बऱ्याच पाकिटांत हेच असतं आणि आपण वेष्टनाचे पैसे देतो.

व्हिनेगर मी फक्त फडक्यावर घेते, दारावरच्या रबराच्या घडीतला काळा डाग पुसायला. पुसलं की लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. रबर तासन्‌तास व्हिनेगरमध्ये ठेवलं, किंवा दर आठवड्याला ड्रममध्ये बाटली ओतली, तर ते हळूहळू खराब होऊ शकतं आणि मग दारातून पाणी गळायला लागतं.

खायचा सोडा चांगला, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. थोड्या पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने साबणाचा खण घासायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खण पूर्ण बाहेर निघतो, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. आतलं बटण दाबून ओढा आणि त्याच्या मागची पोकळी बघा. मात्र धुण्याचा सोडा वेगळा आणि खायचा वेगळा. धुण्याचा सोडा तीव्र असतो. बऱ्याच मशीनमध्ये ड्रमला पाठीमागून धरणारा तीन हातांचा आधार ॲल्युमिनियमचा असतो, आणि तीव्र अल्क ॲल्युमिनियमला खातं. मीठही ॲल्युमिनियमला खातं, तेही नको. लिंबाच्या साली, फोडी तर अजिबात नको, बिया आणि चोथा पंपात जाऊन बसतो.

आणि हे अगदी कळकळीने सांगते. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि लिंबूसत्व, कधीही एकत्र नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. एका दिवशी हे आणि दुसऱ्या दिवशी ते करायचं असेल तर मधे एक पूर्ण साधं धुणं होऊ द्या.

खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण, पंपाचा फिल्टर, ते महिन्यातून एकदा. खाली परात आणि जुना टॉवेल ठेवून सावकाश फिरवायचं, पाणी येतंच. पाणी आत घेणाऱ्या पाईपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या गाळाने भरते. मशीनमध्ये पाणी हळू भरतंय म्हणून मेकॅनिक बोलावण्याआधी नळ बंद करा, पाईप काढा, जाळी टूथब्रशने धुवा. ही दोन्ही कामं आमच्याकडे आता ह्यांच्याकडे आहेत. मशीन घरातल्या सगळ्यांचे कपडे धुतं, मग त्याची काळजी एकटीच्याच गळ्यात का?

साबणाचं माप मी निम्म्यावर आणलं. कपडे तेवढेच स्वच्छ निघतात. जास्तीचा साबण शेवटी नाल्यांतून पंचगंगेकडेच जातो, आणि काही डिटर्जंटमध्ये असणारं फॉस्फेट हे जलपर्णीचं खाणं आहे. नदीवर हिरवा गालिचा दिसला की मला माझी ती अडीच मापं आठवतात.

आमच्या आईचं मशीन सेमी ऑटोमॅटिक, त्यात हीटर नाही. तिच्याकडे मी बंबातलं गरम पाणी टबात भरते, उकळतं नाही, प्लास्टिकला सोसवेल एवढंच. त्यात लिंबूसत्व विरघळवून पाच मिनिटं फिरवायचं, तासभर तसंच ठेवायचं, मग सोडून द्यायचं. लव अडकायची जाळीची पिशवी उलटी करून धुवायची. तिने चाळीस वर्षं दगडावर धुणं आपटलंय, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन रक्त यायचं ते मी पाहिलंय. मशीन आलं तेव्हा ती साठीची होती. अजूनही धुणं झालं की ती झाकण लावून वर क्रोशाचा रुमाल टाकते, आणि मी गेले की तो रुमाल काढून झाकण उघडं करून ठेवते. परवा गेले तर झाकण उघडंच होतं. रुमाल शेजारी घडी करून ठेवलेला.