बोहोची माती
आयरिश गावठी उपचारांवरील लेखात त्यांची ‘निव्वळ अंधश्रद्धा’ अशी एका वाक्यात बोळवण केली आहे, ती मला घाईची वाटते. उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना परगण्यातील बोहो या गावचे पाद्री जेम्स मॅकगर 1815 मध्ये वारले. ‘माझ्यावरची माती रोग बरे करील’ असे ते मरताना म्हणाल्याची आख्यायिका आहे आणि तेव्हापासून लोक तिथली चिमूटभर माती कापडात बांधून उशाखाली ठेवतात व काम झाल्यावर ती न चुकता परत नेऊन टाकतात. (उसनी वस्तू परत करावी, तशी!) 2018 मध्ये स्वान्सी विद्यापीठातील संशोधकांच्या चमूने याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिस गटातील एक नवा जिवाणू वेगळा केला, जो प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या काही जंतूंची वाढ प्रयोगशाळेत रोखतो. अर्थात, यामुळे उशाखालच्या पुरचुंडीने दाढदुखी थांबते असे सिद्ध होत नाही, कारण बशीतला जंतू आणि माणसाचे शरीर यांत मोठे अंतर आहे. सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला लाभतो असे तिथे मानतात, त्या रोगहारक स्पर्शाला मात्र असा कोणताही आधार मला दिसत नाही. लेखात 1937 ते 1939 दरम्यान आयर्लंडमधील शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून टिपून घेतलेल्या लोकविद्येच्या संग्रहाचा उल्लेख हवा होता. असे उपचार तिथे मुबलक सापडतात.